काटा लवकर पडला

दाब मोजायचं गेज आणि पंप घेऊन विहीणबाईंच्या घरी दुसऱ्यांदा जायची पाळी आली, तेव्हाच उस्तादांचं डोकं फिरलं होतं. सगळा धंदा त्यांना उस्ताद म्हणतो, आणि उस्तादांनी गॅस भरलेला एसी चार दिवसांत गरम वारा फेकतो? लोक काय म्हणतील? बरं, घर परक्याचं असतं तर एक वेळ चाललं असतं. हे लेकीचं सासर! विहीणबाईंचं ऑपरेशन झालेलं, घामानं टाके चिघळू नयेत म्हणून डॉक्टरांनी खोली गार ठेवायला सांगितलेली. म्हणून तर बाहेरच्या खोलीतला एसी काढून त्यांच्या खोलीत बसवला होता.

काम दोघांनी वाटून घेतलं होतं. तांब्याच्या पाइपांची तोंडं फुलवून नट आवळले जावयानं. गेल्या वर्षापासून तो दुकानातली नोकरी सोडून सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकत होता. पुढचं काम उस्तादांचं. गॅस भरायच्या आधी पाइपांतली हवा आणि दमटपणा पंपानं खेचून काढावा लागतो. हवा आत राहिली, तर गॅस कितीही भरा, खोली काही गार व्हायची नाही. हे उस्तादांनी आजवर पन्नास पोरांना शिकवलं असेल.

"विहीणबाई, आज लावतो सोक्षमोक्ष," उस्ताद म्हणाले आणि थेट बाल्कनीत गेले. तिथल्या आउटडोअर मशीनच्या तोंडाला त्यांनी आपली निळी नळी लावली. ही नळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ठिकठिकाणी चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, पण नवी घ्या म्हटलं की अंगावर यायचे. नळी लावली, गेज बघितलं. काटा शून्यावर.

"झालं! घ्या!" ते कडाडले. "सगळा गॅस उडाला! थेंब नाही आत. अरे, नट आवळता येत नाही तुला? आं? वर्षभर काय माझ्यामागे पिशवी धरून नुसता हिंडलास?"

एरवी ते जावयाला अहो-जाहो करत. रागाच्या भरात अरे-तुरेवर कधी आले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. खोलीत मात्र सगळ्यांना कळलं. विहीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. दारात उभ्या असलेल्या लेकीचा चेहरा पडला.

"मामा, मी नीट आवळला होता," जावई म्हणाला.

"नीट आवळला होता, तर गॅस काय पाय फुटून गेला? खोल तो नट. नव्यानं तोंड फुलव. आणि आईच्या देखत करून दाखव, म्हणजे कळेल त्यांना लेक काय दिवे लावतो ते."

जावयानं पाना घेतला. सासऱ्यांनी सांगितलंय आत थेंब नाही, मग भ्यायचं कशाला? हातमोजेसुद्धा न घालता त्यानं नट फिरवला.

फस्सकन गॅस बाहेर आला. पांढरा धूर उसळला, जावई कळवळून ओरडला, तरी त्याच हातानं त्यानं नट पुन्हा आवळला. बर्फासारख्या गार गॅसनं बोटं पांढरीफटक पडली होती. लेक धावत आली आणि त्याला ओढत नळाकडे घेऊन गेली.

उस्ताद जागच्या जागी थिजले. आत गॅस होता, चांगला दाबानं होता. मग काटा शून्यावर का?

उत्तर काही लांब नव्हतं. नळी काढून त्यांनी तिचं तोंड उजेडात धरलं. मशीनच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. नळीतली बारीक पिन त्याला दाबते, तेव्हा कुठे आतला रस्ता उघडतो. ती पिन झिजून आत गेली होती. व्हॉल्व्ह दाबलाच जात नव्हता. म्हणजे आज गेजनं दाखवला तो नुसता नळीचा दाब. आणि चार दिवसांपूर्वी पंपानं खेचली ती नुसती नळीतली हवा! पाइपांतली हवा होती तिथेच राहिली, आणि सिलेंडरचा गॅस जोरानं व्हॉल्व्ह ढकलून तिच्या उरावर जाऊन बसला. मग कसली खोली गार होतेय!

त्यांना तो दिवस जसाच्या तसा आठवला. पंप सुरू करताच काटा सर्रकन तळाला गेला होता, आणि याच खोलीत छाती फुगवून ते म्हणाले होते, "बघा विहीणबाई, याला म्हणतात पंप!" हात दाखवून अवलक्षण ते हेच. उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन सांगावं, असं वाटलं, पण पाय उचलेना.

तोवर विहीणबाईच बोलल्या. "ऐकला मी आवाज. केवढा सुटला होता गॅस! तुमचंच खरं हो, व्याही. नट ढिलाच ठेवला असणार यानं."

किती सोपं होतं! ज्या आवाजानं उस्तादांचा निकाल लावला, तोच विहीणबाईंना जावयाच्या चुकीचा पुरावा वाटला. उस्तादांनी तोंड उघडलं आणि नुसतंच "हं" म्हणून मिटलं. त्या "हं"ची त्यांना जन्मभर लाज वाटली असती तरी कमीच.

जावई हाताला ओलं फडकं गुंडाळून परत आला. सासऱ्यांच्या हातातली नळी त्यानं बघितली, तिचं तोंड बघितलं. त्याला काय ते कळलं. वर्षभर उगाच नव्हता हिंडला तो. आपल्या पिशवीतून नवी नळी काढून त्यानं मशीनला लावली. काटा टुणकन वर गेला. आतला गॅस रिकाम्या सिलेंडरमध्ये काढून घेतला, पंप जोडला आणि शेजारी उकिडवा बसला. काटा या वेळी सावकाश, रेंगाळत खाली यायला लागला. दोघंही त्याच्याकडे बघत बसले. एकमेकांकडे बघायची सोय नव्हती.

पंपाला भरपूर वेळ दिला, मग तो बंद करून काटा हलत नाही ना ते बघितलं, आणि गॅस वजन करून भरला. थोड्याच वेळात खोलीत गार झुळूक आली. विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले. "आहाहा! जीवात जीव आला बघा." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "काय रे, काय झालं होतं नक्की?"

"नट ढिला होता, आई," जावई म्हणाला. "माझ्याकडूनच राहिला."

"तरी म्हटलं! सासऱ्यांकडून शिक जरा. नशीब समज, असा माणूस घरचा मिळालाय."

"हो," म्हणून त्यानं मान हलवली. फडक्यातली बोटं मांडीखाली लपवली. लेक चहाचे कप घेऊन आली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग बाल्कनीत पडलेल्या जुन्या नळीकडे, मग बापाकडे. लहानपणी याच बापासाठी टॉर्च धरून उभी राहायची ती. कप तिनं पुढे केला, पण नजर काढून घेतली.

तो कप काही उस्तादांना घेववेना.

"विहीणबाई," ते उभे राहिले, "नट ढिला नव्हता. पोरगं खोटं बोलतंय, माझ्यासाठी. माझी नळी खराब होती. पाइपांतली हवा निघालीच नव्हती, वरून मी गॅस भरला. आज आत गॅस भरलेला असताना मीच सांगितलं, काही नाही आत, खोल. जावईबापूंची बोटं भाजली ती माझ्यामुळे."

जावयानं मान वर केली नाही. लाज उस्तादांची, पण अवघडला होता तो.

विहीणबाई मोठ्या मनाच्या. "जाऊ द्या हो, व्याही. नळीच्या आतलं कुणाला दिसतंय? तुम्हाला तरी त्या दिवशी काय माहीत?"

पुन्हा दार उघडं होतं. "हो ना" म्हटलं असतं, की सगळं गोडीत मिटलं असतं. लेकसुद्धा जरा सैलावली होती.

"माहीत होतं," उस्ताद म्हणाले. "काटा एवढ्या लवकर पडत नसतो. हे त्या दिवशीच म्हणाले होते जावईबापू."

"मामा, राहू दे ना आता," जावई पुटपुटला.

"दोनदा म्हणाले होते," उस्ताद म्हणाले. "मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं."