डावा मागचा कोपरा

बाईंनी जाळीपलीकडून शटल फेकलं आणि मुलगी पुन्हा दोन पावलं मागे जाऊन थांबली. शटल तिच्या डाव्या खांद्यावरून गेलं, खिडकीखालच्या कोपऱ्यात पडलं आणि एकदा उसळून आडवं झालं.

“पाय का थांबले?”

मुलगी रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करू लागली. त्या सरळच होत्या. काटकुळी, ताठ आणि डोकं जरा मोठं, म्हणून वर्गात तिला सगळे टाचणी म्हणत. तिलाही ते नाव चालत असे.

“उजव्या कोपऱ्यात वाऱ्यासारखी जातेस. डावा काय सावत्र आहे?”

नववीचा वर्ग भिंतीला टेकून उभा होता. एरवी बाईंच्या असल्या वाक्यावर हशा पिकायचा. आज कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही.

“बाई, मला टाका,” ढोल्या पुढे आला. “मी नुसता उभा राहिलो तरी आख्खं कोर्ट भरतं.”

“तुझी पाळी आली की टाकीन. आत्ता हिची आहे.” बाईंनी डब्यातून पुढचं शटल काढलं. “पुढच्या महिन्यात स्पर्धा आपल्याच हॉलमध्ये आहे आणि संघात पहिलं नाव हिचं आहे. डावीकडे मागे ही जातच नाही, हे समोरच्या पोरींना चार फटक्यांत कळेल. मग त्या दुसरीकडे मारतील कशाला? टाचणी, चल. उजवा पाय मागे घे, वळ, आणि जा.”

टाचणीने उजवा पाय मागे घेतला. वळली. गेली नाही.

बाईंनी आणखी एक फेकलं. मग आणखी एक. प्रत्येक वेळी मुलगी तितकीच मागे जात होती आणि तिथेच थांबत होती, जणू मागे काच होती. तिने ‘नाही’ म्हटलं नाही, रडली नाही. घंटा झाली तेव्हा तिने रॅकेट पिशवीत घातली, चेन लावली आणि “जाऊ, बाई?” असं विचारूनच ती गेली.

बाई या शाळेत नव्या होत्या. मुलं सगळी शून्यापासून शिकत होती. रॅकेट तव्यासारखी धरणारी, सर्व्हिस करताना डोळे मिटणारी, शटल सोडून हवेलाच बडवणारी. तासानंतर जमिनीवर पडलेली शटलं गोळा करणं बाईंना आवडायचं. कोण कुठे चुकतं, ते त्यावरून कळायचं. त्या दिवशी मात्र त्या टोपली हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

खिडकीखालच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः फेकलेली शटलं होती. तेवढीच. तास सुरू झाल्यापासून सगळा वर्ग खेळला होता. शटलं जाळीत अडकली होती, बाकांखाली गेली होती, एक तर पंख्याच्या पात्यावर जाऊन बसलं होतं. त्या कोपऱ्यात वर्गाचं एकही नव्हतं. बाईंनी मागचे तास आठवून पाहिले. कधीच नसायचं. पावसात अंगणातली एकच फरशी कोरडी राहावी, तसं होतं ते. नवशिक्या मुलांना शटल हवं तिथे पाडता येत नाही. मग नको तिथे न पाडणं कसं जमत होतं?

शिपाईमामा लादी पुसायला आले.

“मामा, त्या कोपऱ्यात काय आहे?”

मामांनी फडकं पिळलं. पिळून झाल्यावरही पिळत राहिले.

“तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं होतं.”

“काय?”

“गेल्या वर्षी पूल पडला ना. दवाखान्यात जागा उरली नाही. मग गेलेल्यांना इथं आणून ठेवायला लागले. या भिंतीपासून तिकडपर्यंत, ओळीनं.” त्यांनी हात लांब केला आणि खिडकीपाशी थांबवला. “शेवटी, तिथं, टाचणीचा धाकटा भाऊ. आईबाप दोघं दवाखान्यात, शुद्ध नव्हती. ओळखायला घरचं कुणीतरी लागतं. ही म्हणाली, मी ओळखते.”

“आणि बाकीची मुलं?”

“लोकांना पाणी द्यायला बोलावली होती. होती की सगळी.”

बाईंनी टोपली खाली ठेवली.

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“कसं सांगायचं, बाई? बोलता बोलता सांगण्यासारखं आहे का ते?”

मामा गेल्यावर बाई ती शटलं उचलायला कोपऱ्याकडे निघाल्या. लादी इतर लादीसारखीच होती, जरा जास्त स्वच्छ. कोपऱ्याच्या अलीकडच्या रेघेपाशी आल्यावर त्या गुडघ्यावर बसल्या आणि हात लांब करून एकेक शटल रॅकेटने ओढून घेतलं. पाय आत पडला नाही, हे उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी त्यांनी मामांना बोलावलं. जाळीचे खांब चाकांवरचे होते. ते दोघांनी ढकलून उजवीकडे नेले आणि पिवळी चिकटपट्टी लावून कोर्टाच्या नव्या रेघा आखल्या. जुनी रंगवलेली रेघ डाव्या हाताला राहिली आणि खिडकीखालचा कोपरा सगळ्या खेळाच्या बाहेर गेला.

“जागा सरकवून काय साधणार?” मामांनी पट्टीचं टोक धरत विचारलं.

“तिला खेळता येईल.”

आणि सोमवारी ती खेळली. चारही कोपऱ्यांत गेली. डावीकडे मागे वळून तिने पहिल्यांदा शटल परतवलं तेव्हा ढोल्याने शिट्टी मारली आणि बाईंनी त्याला रागवायचं विसरून टाळी वाजवली. वर्ग कसाही मारत होता आणि शटलं कुठेही पडत होती, नवशिक्यांची पडायला हवीत तशी.

तास संपत आला तेव्हा पाचवीची मुलं हॉलमध्ये शिरली. पुढचा तास त्यांचा होता. बाईंचा नियम त्यांना पाठ होता: सामान रेघेबाहेर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पिवळी रेघ शोधली आणि दप्तरं, डबे, बूट सगळं खिडकीखाली नेऊन टाकलं. एका बाटलीचं झाकण सैल होतं. पाणी लादीवर पसरायला लागलं. एक मुलगा दप्तरांच्या ढिगावर बसून बुटाची नाडी सोडू लागला.

टाचणीकडे शटल येत होतं. तिने ते येऊ दिलं आणि रॅकेट खाली ठेवून ती चालत गेली. जुन्या रेघेपाशी वाकली, हाताला लागलं ते पहिलं दप्तर उचललं आणि भिंतीपाशी लांब नेऊन ठेवलं. मग दुसरं.

“ए ताई, ते माझंय!”

“उठ,” ढोल्या त्या मुलाला म्हणाला. त्याच्या आवाजात गंमत नव्हती. मुलगा उठला. मग वर्गातले सगळेच आले आणि हातोहात सामान हलवायला लागले. कुणीतरी गळ्यातला रुमाल काढून पाणी टिपलं. पाचवीची मुलं अनवाणी, तोंड उघडं टाकून बघत राहिली.

बाई जवळ आल्या.

“माझं चुकलं. मी सांगते त्यांना, इथे सामान ठेवायचं नाही.”

“किती जणांना सांगाल, बाई?” टाचणी म्हणाली. “पहिल्या रेघा बऱ्या होत्या.”

“तेव्हा तुला खेळता येत नव्हतं.”

“येत होतं. तेवढं सोडून.”

“समोरच्या मुली तेवढंच धरतील. मग मला तुला संघात घेता येणार नाही. कळतंय ना?”

“हो.” तिने ओले हात फ्रॉकला पुसले. “पण कोर्टाच्या आत होतं तेव्हा तिथं कुणी बूट काढत नव्हतं.”

 बाई खाली बसल्या आणि पिवळ्या पट्टीचं टोक नखाने सोडवायला लागल्या.

बुधवारी, जाळी पुन्हा जुन्या जागी आल्यावर, संघाची नावं वाचली गेली. टाचणीचं नव्हतं. आपलं नाव ऐकून ढोल्या म्हणाला, “माझं? बाई, तुम्ही नीट बघितलंत ना?” तरी कुणी हसलं नाही. टाचणीनेच त्याला पाठीत धपाटा घातला. “जा, उभा राहा पलीकडे. सराव करू.”

ती खिडकीच्या बाजूला उभी राहिली, जुन्या रेघांच्या आत. ढोल्याने दोन सर्व्हिस बऱ्या केल्या. तिसऱ्या वेळी रॅकेट त्याच्या हातात फिरली. शटल उंच गेलं, पंख्याला चुकवून वळलं आणि खिडकीकडे उतरायला लागलं. सगळा वर्ग मान वर करून बघत होता. टाचणी दोन पावलं मागे गेली आणि थांबली.

शटल कोपऱ्यात पडलं.

“चुकून गेलं गं,” ढोल्या म्हणाला.  “शप्पथ, चुकून.”

टाचणी वळून त्या शटलकडे बघत राहिली.

“असू दे,” ती म्हणाली. “एक त्याच्याकडे राहू दे.”

बाईंनी डबा उघडला आणि दुसरं शटल काढून जाळीवरून तिच्याकडे टाकलं, समोर, अगदी हाताशी येईल असं.