बेरिलच्या तीन पायऱ्या

बिंडारा गावच्या शेडमध्ये माणसाने काहीही विचारावं. गुडघेदुखीवर औषध विचारावं, दुसऱ्याच्या बायकोचं वय विचारावं, पण गोंद कुठला चांगला हे चुकूनही विचारू नये. विचारलंत की तुमचा दिवस गेला. आणि त्या मंगळवारी बेरिल क्रॉथरने आत पाऊल टाकल्या टाकल्या नेमकं तेच विचारलं.

बेरिल त्र्याहत्तर वर्षांची. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तिने एकतीस वर्षं काढलेली, त्यामुळे नजर अशी की समोरच्याने पोट आत घेतलं तरी तिला कळावं. एका हातात काठी, काखेत गमच्या, म्हणजे निलगिरीच्या लाकडाची जाड फळी. नव्या खुब्याची अजून पुरती सवय झालेली नव्हती.

"बाहेरची पाटी वाचलीस ना?" मर्व्ह टॉलहर्स्टने विचारलं. "पुरुषांची शेड लिहिलंय."

"वाचली. त्यातला एक तरी उठून मला खुर्ची देईल असं वाटलं होतं."

तिघे एकदम उठले. तिघांच्या तीन खुर्च्या पुढे आल्या, म्हणून बेरिल चौथ्याच एका स्टुलावर बसली.

मर्व्हने जन्मभर घरं बांधली, आणि आपण बांधलेलं एकही घर पडलं नाही हे तो रोज एकदा सांगायचा. नोएल गॅफनी शाळेत विज्ञान शिकवायचा, अजूनही समोर माणूस दिसला की शिकवायचा. कोस्टा मावरीदिसने होड्या बांधल्या. तिघे रिटायर झालेले. घरी बायकांना नको झालेले हे तिघे शेडमध्ये येऊन खुर्च्या, पक्ष्यांची घरटी आणि वाद तयार करत.

"माझ्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत," बेरिल म्हणाली. "काँक्रीटच्या, जुन्या. वर लाकडी फळ्या बसवलेल्या होत्या. मधली निघाली आणि मी गेले खाली. दोन तास परसात पडून होते. एक मॅगपाय पक्षी येऊन माझ्याकडे बघून गेला, बाकी कोणी नाही."

"स्क्रू मार," मर्व्ह म्हणाला.

"काँक्रीट भुसभुशीत झालंय. ड्रिल लावलं की पीठ पडतं. गोंदच लागणार. आता नीट ऐका. पुढच्या शुक्रवारी हॉस्पिटलची बाई घर बघायला येणार आहे. पायऱ्या पक्क्या असतील तर मी माझ्या घरात राहणार. नसतील तर माझा ग्लेन मला ब्रिस्बेनला नेऊन दोन खोल्यांत ठेवणार. सातव्या मजल्यावर! खाली बघितलं की गाड्या, वर बघितलं की आठवा मजला. मला नाही जायचं. तर सांगा, गोंद कुठला?"

झालं. आग लागली.

मर्व्हने पिवळी नळी काढली. उग्र वासाचा, लावता क्षणी पकडणारा गोंद. "भिंतीला लावून सासूला चिकटवलं तरी हलणार नाही." नोएलने पांढरी नळी काढली. पाण्यातला गोंद, वास नाही, हात पाण्याने धुता येतात. "तुझा वास घेऊन माणूस आधी मरतो मर्व्ह, मग पायरीची गरजच काय?" कोस्टा निळी नळी घेऊन आला. पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा गोंद, सुकताना फुगतो, होडीवाले वापरतात. "समुद्र," तो म्हणाला. त्याच्या मते एवढ्यात सगळं आलं.

"हातात घेऊन फिरवू नका रे," बेरिल म्हणाली. "सिद्ध करून दाखवा."

आता बिंडाराच्या शेडची एक रीत आहे. दोन गोंदांत वाद झाला की बादली लावायची. सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर काँक्रीटची फरशी आडवी टाकायची, तिच्या खालच्या अंगाला लाकडाचा ठोकळा चिकटवायचा, ठोकळ्याला हूक, हुकाला वाळूने भरलेली बादली. ज्याची बादली आधी पडेल त्याने महिनाभर सगळ्यांचे कप विसळायचे. त्याहून मोठी नामुष्की म्हणजे त्याच्या गोंदाच्या नळ्या मांडणीच्या मधल्या फळीवरून काढून सगळ्यात खाली, उंदराच्या औषधाशेजारी ठेवायच्या. त्या तळाला गेलेला गोंद परत वर आल्याचं कुणाला आठवत नाही.

बेरिलच्याच फळीतून तीन ठोकळे कापले. मंगळवारी चिकटवले. गुरुवारी बादल्या लावल्या.

बेरिल रोज दहाच्या चहाला येऊ लागली, लॅमिंग्टन केक घेऊन. तिघे तिच्यासमोर आपापल्या बादलीखाली मान घालून बघायचे, आणि समाधानाने मान डोलवायचे. शुक्रवारी वाळू वाढवली. शनिवारी वर विटा रचल्या. रविवारी चर्चहून येताना मर्व्हने बादलीत एक जुनी ऐरण ठेवली. तरी एक बादली हलेल तर शपथ!

"तिन्ही चांगले म्हणायचे की," बेरिल म्हणाली.

"माझा जास्त चांगला," तिघे म्हणाले.

बेरिलच्या मनात पाल चुकचुकली. एकतीस वर्षांत तिने एकाच वजनाच्या तीन गाड्या लागोपाठ आलेल्या एकदाच पाहिल्या होत्या, आणि तेव्हा उसाखाली ओली माती निघाली होती.

सोमवारी ती चहाचा कप ठेवायला मर्व्हच्या फरशीकडे वळली. कप टेकवता टेकवता तिचा हात थांबला. फरशीच्या वरच्या अंगाला, बरोबर मधोमध, नाण्याएवढा एक गोल ठिपका होता. रंग तोच करडा, पण जरा ताजा. तिने खिळ्याने खरवडलं. भोकं बुजवायची लांबी निघाली. लांबीखाली स्क्रूचं डोकं चमकलं.

"मर्व्ह," ती म्हणाली, "हे काय?"

मर्व्हचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला. नोएल धावत आला, चष्मा वर केला, बघितलं, आणि असा काही ओरडला की छपरावरची कबुतरं उडाली. "लबाडी! वरून स्क्रू! अरे लाज नाही वाटत? या वयात?"

"चाळीस वर्षांची ओळख," कोस्टा छातीवर हात ठेवून म्हणाला. "माझ्या मुलीच्या लग्नात हा माणूस नाचला. आणि आज हे."

"झालं बोलून?" बेरिल म्हणाली, आणि खिळा घेऊन नोएलच्या फरशीकडे गेली.

नोएलला अचानक खोकला आला.

तिथेही लांबी. तिथेही स्क्रू. आता ओरडायची पाळी मर्व्हची होती, आणि त्याने ती सोडली नाही. "विज्ञान म्हणे! तत्त्व म्हणे! पोरांना हेच शिकवलंस का रे लेका?" कोस्टाने दुसरा हातही छातीवर ठेवला. पण बेरिल जेव्हा तिसऱ्या फरशीपाशी पोचली, तेव्हा त्याने दोन्ही हात हळूच खिशात घातले.

कोस्टाने दोन स्क्रू मारले होते.

तिघांचंही पितळ उघडं पडलं, आणि तिघांनाही स्वतःच्यापेक्षा दुसऱ्याच्या चोरीचा राग जास्त. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पाच मिनिटं शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येईना. मग बेरिलने काठी टेबलावर आपटली.

"मी उभी राहणार आहे त्या फळीवर!" ती म्हणाली. "तुमची बादली नाही, मी! तुम्हाला कप विसळायची लाज वाटली म्हणून तुम्ही माझा आठवडा खाल्लात. आज सोमवार आहे. शुक्रवारी ती बाई येणार. दोन तास जमिनीवर पडून मी काय विचार करत होते माहीत आहे? पाय मोडला याचा नाही. आता हे घर जाणार, याचा."

मर्व्हने टोपी काढली आणि परत घातली.

"काढा ते स्क्रू," ती म्हणाली. "आत्ता."

काढले. नोएलची बादली स्क्रू पुरता बाहेर यायच्या आतच पडली. मर्व्हची, त्याने "बघ, बघ" म्हणेपर्यंत. कोस्टाची बादली थोडी थांबली, कुरकुरली, आणि मग तीही धाडकन गेली. वाळू सगळ्यांच्या बुटांत शिरली.

बेरिलने तिन्ही ठोकळे उचलून चष्म्याजवळ धरले. गोंद सगळा फरशीलाच राहिला होता. लाकडाची बाजू स्वच्छ, कोरी, तेलकट चमकणारी. गमचं लाकूड तेलकटच असतं, हे या तिघांना तिच्यापेक्षा जास्त माहीत.

"घासलं होतं का हे? स्पिरिटने पुसलं होतं?"

तिघे बुटांतली वाळू झटकू लागले. शेवटी कोस्टा म्हणाला, "एरवी मी घासतो. देवाशपथ घासतो. पण म्हटलं, स्क्रू आहेच की."

मर्व्हने मान हलवली. त्याचंही तेच झालं होतं. नोएलचंही.

बेरिल स्टुलावर बसली. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींपैकी कशालाही वेळ नव्हता. "ठीक आहे," ती म्हणाली. "आता चांगलं कुणी काही सांगायचं नाही. तुमचा गोंद कुठे कुठे फसला तेवढं सांगा. खोटं बोललात तर तुमच्या बायकांना फोन करीन."

हा प्रश्न त्या शेडमध्ये आजवर कुणी विचारला नव्हता. मर्व्हने बराच वेळ हनुवटी खाजवली. "आत भिंतीला माझा उत्तम. पण पश्चिमेच्या उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होतो आणि सुटतो. माझी पत्रपेटी दोनदा पडली."

"आणि तुझा, नोएल?"

"पाण्यातला आहे," नोएल म्हणाला. "पावसात... म्हणजे बाहेर मी वापरतच नाही तो."

"बाहेर वापरत नाहीस? मग आठवडाभर कशाला भांडत होतास?"

"तत्त्वाचा प्रश्न होता."

कोस्टाने सुस्कारा टाकला. "माझा एकदाच फसला. बहिणीच्या ओट्याची फळी. सकाळी चिकटवली, संध्याकाळी मेव्हणा त्यावर नाचला. ह्याला वेळ द्यावा लागतो. तीन दिवस तरी. आणि घासावं लागतं. आणि दाबून ठेवावं लागतं. घाई केलीस तर हा काही कामाचा नाही."

"घाई नाही करत," बेरिल म्हणाली. "निळी नळी दे."

त्याच दुपारी चौघे तिच्या परसात होते. काम बेरिलने केलं. दुधाच्या उलट्या क्रेटवर बसून, कारण खाली वाकायला डॉक्टरांची मनाई होती. जुन्या काढून टाकल्या होत्या; गमच्याच नव्या तीन फळ्या तिघांनी तिच्या मांडीवर आणून द्यायच्या, एवढीच त्यांना परवानगी. लाकडाची खालची बाजू तिने जाड पॉलिश पेपरने घासली. स्पिरिटचं फडकं फिरवलं, फडकं पिवळं झालं. दुसरं घेतलं, तेही पिवळं. पाचवं फडकं पांढरं निघालं तेव्हा ती थांबली. मर्व्हने तारेच्या ब्रशने काँक्रीटवरची भुकटी काढली. नोएलने पाण्याचा हलका शिपका मारला, कारण पीयूला ओल लागते, आणि ती का लागते ते त्याने सव्वीस मिनिटं समजावलं. बेरिलने गोंदाची गन दाबली, नागमोडी रेघ ओढली, फळ्या बसवल्या. वर वाळूच्या त्याच तीन बादल्या.

"आता गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही," कोस्टा म्हणाला, आणि जाता जाता बुटाच्या टोकाने फळी जरा हलवून बघायला गेला.

बेरिलची काठी त्याच्या नडगीवर बसली.

तेव्हा तिला कळलं की खरा धोका कशाचा आहे. या माणसांना ओला रंग दिसला की बोट लावायचं असतं आणि ओला गोंद दिसला की हलवून बघायचं असतं. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! तिने मागच्या दारात खुर्ची टाकली आणि तीन दिवस तिथेच राहिली. मंगळवारी मर्व्ह टोमॅटो घेऊन आला आणि पुढच्या दाराऐवजी मागून आला. बुधवारी नोएल तापमान मोजायला आला. कोस्टा तर सकाळ-संध्याकाळ यायचा, लांबून बघायचा, नडगी चोळायचा आणि जायचा.

शुक्रवारी हॉस्पिटलची बाई आली. तिने न्हाणीघर बघितलं, दिवे बघितले, मागच्या पायऱ्या चार वेळा चढली-उतरली, बेरिलला चढवलं-उतरवलं, कठड्याचा पाईप हलवून बघितला. कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "माझी काही हरकत नाही. घर ठीक आहे." कुंपणापलीकडे तीन टोप्या दिसत होत्या, त्या एकदम खाली गेल्या आणि तिकडून कुणीतरी कुणाच्या तरी पाठीत थाप मारल्याचा आवाज आला.

ग्लेन ब्रिस्बेनहून सकाळीच निघून आला होता. उंच, रुंद माणूस, रग्बी खेळलेला. बाई गेल्यावर तो परसात उतरला, मधल्या पायरीसमोर उभा राहिला आणि त्याने तिच्यावर पाय दिला. मग दोन्ही पाय. मग सगळं वजन टाकून दणादण तीनदा उडी मारली. कुंपणापलीकडे तीन टोप्या परत वर आल्या.

फळी हलली नाही.

ग्लेन तिच्यावरच बसला. "हलली असती तर बरं झालं असतं, आई," तो म्हणाला.

बेरिल पाईप धरून सावकाश खाली आली आणि वरच्या पायरीवर बसली. "मला वाटलंच."

"तू सापडलीस तेव्हा शेजारणीने मला चार वेळा फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होतो, फोन बंद. तू इथे पडली होतीस आणि मी तिकडे सँडविच खात होतो. आता फोन वाजला की मीटिंग सोडून बाहेर पळतो. रात्री झोपताना वाटतं, पडली असेल. तू सातव्या मजल्यावर असलीस तर मी दहा मिनिटांत येईन."

"मलाही भीती वाटते," बेरिल म्हणाली. हे तिने हॉस्पिटलच्या बाईला सांगितलं नव्हतं. "रोज सकाळी या दारातून पाय टाकताना वाटते. आजसुद्धा वाटली. पण ही माझी भीती आहे ग्लेन, माझ्या दारातली. तिकडे नेलंस तर भीती बरोबर येईल, दार इथेच राहील."

ग्लेनने तोंडावरून हात फिरवला. तो रडत होता, आणि कुंपणापलीकडच्या तिघांना एकदम आठवलं की शेडमध्ये फार कामं पडली आहेत.

"मग एक कर," तो म्हणाला. "रोज सकाळी पायऱ्या उतरलीस की मला फोन कर."

"उतरल्यावर नाही," बेरिल म्हणाली. "परत वर चढून आले की करीन."