नवशिक्याचा पंख

आमच्याकडे आषाढात पाऊस येत नाही, वारा येतो. तिकडे पाटणला ढग धो धो ओतत असतात, आणि तेच ढग आमच्या माण तालुक्यावरून रिकाम्या हातानं पळत सुटतात. आमच्या वाट्याला येतो तो नुसता वारा. पत्रे उचकटणारा, वाळत घातलेलं धुणं शेजारच्या वस्तीवर नेऊन टाकणारा. माझं निम्मं आयुष्य या वाऱ्याला शिव्या देण्यात गेलं. तो कधी कुणाच्या कामाचा असेल असं वाटलं नव्हतं, आणि माझ्याच नवऱ्याच्या कामाचा निघेल असं तर मुळीच नाही.

नवरा म्हणजे आकाराम हवालदार. चोवीस वर्षं फौजेत काढून गेल्या संक्रांतीला ते कायमचे घरी आले. सगळे फौजी आणतात तशी काळी पेटी त्यांनी आणली, आणि कुणीच आणत नाही असं एक लांबलचक गाठोडंही आणलं. शेवटची पोस्टिंग समुद्राकाठी होती. तिथं एका तरुण साहेबानं त्यांना पतंगाच्या जोरावर पाण्यावरून पळायला शिकवलं होतं. पतंग म्हणजे पोरं उडवतात तो नव्हे. हा आमच्या पडवीएवढा. त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाखाली फळी घ्यायची आणि वाऱ्यानं ओढत न्यायचं. गाठोड्यात तो पतंग होता. मला वाटलं, माणसाला फौज सुटल्यावर काहीतरी छंद हवा, असू दे.

खरी अडचण घरात होती. इतकी वर्षं डाळिंबाची बाग मी सांभाळली, गाई मी सांभाळल्या, लेकीला साताऱ्याला कॉलेजात मी घातलं. हवालदारांना कशाला हात लावावा ते कळेना, आणि विचारायचं तर त्यांच्या रक्तात नाही. एक दिवस मी बाजारात गेलेली बघून त्यांनी डाळिंबाची छाटणी केली. परत येऊन बघते तर दोन ओळी झाडं भरतीच्या पोरांसारखी डोकी भादरून उभी. मग एकदा गाईची धार काढायला बसले. चंद्रीनं बादलीही लवंडली आणि हवालदारही. मी पदर तोंडाला लावून हसले. त्यानंतर त्यांनी गोठ्यात पाऊल टाकलं नाही. दिवसभर पडवीत बसून रस्त्याकडे बघायचे. हाक मारली की "हां" म्हणायचे, एवढंच.

ज्येष्ठात त्यांच्या पलटणीतल्या बाळासोचा पुण्याहून फोन आला. एका कंपनीत सिक्युरिटीची सुपरवायझरकी रिकामी होत होती. राहायला खोली, वर्षातून दोनदा सुट्टी. गणपती बसायच्या आत कळव म्हणाला.

"जावं म्हंतो," हवालदार मला म्हणाले.

चोवीस वर्षं मी हा माणूस सुट्टीपुरता बघितला होता. आता कुठं दोन ताटं वाढायची सवय लागत होती.

"आवं, इथं काय कमी हाय का तुमास्नी?"

"इथं माझं काम काय, सांग की. श्यातात तू, गोठ्यात तू. मला काय येतंय हितलं?" मग म्हसवडपलीकडच्या तलावाच्या दिशेला मान करून ते म्हणाले, "औंदाच्या वाऱ्यात त्येवढं फॉइल जमलं तर ऱ्हातो. एक तरी गोष्ट हितं जमती म्हणायला व्हईल. न्हाई तर जातो."

फॉइल म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनीच सांगितलं. समुद्रावर वारा एकसारखा वाहतो, आमच्या तलावावर तो लहरी सुनेसारखा, मनात आलं तर जोरात, नाही तर गायब. साधी फळी अशा वाऱ्यात बुडते. म्हणून फळीखाली पाण्यात एक दांडी सोडायची आणि दांडीच्या टोकाला विमानासारखा पंख लावायचा. पतंगानं थोडं ओढलं की पाण्यातला पंख उचल घेतो, फळी पाण्याच्या वर येते आणि कमी वाऱ्यातही माणूस तरंगत जातो. सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मी लगेच हो म्हटलं.

गोव्याच्या दुकानातून फॉइल आलं. पंख अरुंद, लांबट, कडा सुरीसारख्या. दिसायला फारच देखणा. कालव्याचं पाणी आल्यापासून म्हसवडपलीकडचा तलाव बारमाही भरलेला असतो. तिथं हवालदार रोज उतरू लागले. म्हसवडच्या बाजारात ताडपत्री शिवणारा अश्फाक त्यांना पतंग वर सोडायला मदत करायचा. मी काठावर. मेंढरं घेऊन आलेले चार धनगर माझ्यामागं.

हवालदार पतंग असा फिरवायचे की बघत राहावं. पण फळीवर उभे राहिले की फळी घसरायची, एकदम उसळी मारायची आणि हवालदार धप्पकन पाण्यात. रोज तेच. आषाढ सरला. त्यांच्या बरगडीला मुका मार लागला, गुडघा सुजला, तरी काही सांगायचे नाहीत. धनगर आधी टाळ्या वाजवायचे, नंतर हळहळायला लागले, आणि ते हळहळणं हवालदारांना टाळ्यांहून जास्त लागायचं.

शेवटी मीच गोव्याला फोन लावला. दुकानात एक मुलगी होती, आवाज गोड.

"आकाराम सर ना? त्यांनी एक्स्पर्ट सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "म्हणून तो पंख दिला."

"तुझं एक्स्पर्ट सर सव्वा महिना झाला पान्यातच हायत, बाई. दिसत्यात त्ये निसतं पडताना."

ती हसली नाही. मला आवडली म्हणून. तिनं विचारलं, पतंग येतो का? येतो. फॉइलवर आधी कधी उभे राहिले? कधीच नाही. वजन? मी म्हटलं, हल्ली पडवीत बसून वाढलंय, ऐंशीच्या वर धरा. मग तिनं मला सावकाश समजावलं. तो अरुंद पंख जोरात पळणाऱ्यांचा. वेग आल्याशिवाय तो उचलतच नाही, आणि उचलला की इतका झटक्यात की जरा पाय हलला तरी फेकून देतो. शिकणाऱ्याला पंख मोठा हवा, रुंद, पुढची कड जाड आणि गोल. तो सावकाश चाललं तरी उचलतो, चूक झाली तर सांभाळून घेतो, वारा पडला तरी लगेच खाली टाकत नाही. शिवाय दांडी आखूड हवी, म्हणजे पडलं तरी गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडतं.

"पण सरांनी घ्यायला हवा ना तो," ती म्हणाली. "एक्स्पर्ट लोक आधी नाहीच म्हणतात."

गोव्यात त्या दुकानवाल्यांची पतंगावर पळायला शिकवायची शाळा होती, ती पावसाळ्यात बंद असते. त्या शाळेतला शिकवायचा पंख आणि आखूड दांडी तिनं उसनी पाठवून दिली. दिवाळीआधी परत करायची बोली.

पार्सल उघडलं तर पंख सुपाएवढा रुंद आणि ओरखड्यांनी भरलेला. किती नवशिके त्यावरून पडले असतील कुणास ठाऊक. मला तो एकदम घरचा वाटला. हवालदारांनी मात्र एकदा बघितला आणि तोंड फिरवलं.

"ह्ये काय हाय? पोरासोरांचं! ह्येच्यावर उभा ऱ्हायलो तर लोकं काय म्हंतील?"

"आता काय म्हंत्यात त्ये ऐकलंय का तुमी?" माझ्या तोंडातून निघून गेलं.

ते उठून बाहेर गेले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी बाळासोचा पुन्हा फोन आला, आणि मी भाकरी थापता थापता ऐकलं, "हां, येतो बहुतेक." भाकरी तव्यावर करपली. श्रावण संपत आला होता, वारा दिवसेंदिवस विरळ होत चालला होता. मला रडू आलं आणि रडण्याहून जास्त राग आला. हा माणूस बरगडी मोडून घेईल, घर सोडून जाईल, पण मला येत नाही एवढं म्हणणार नाही!

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच पाना घेतला, मोठा पंख दांडीला कसला, दांडी फळीला कसली आणि अश्फाकच्या टेम्पोत टाकली. देखणा पंख घरात, कॉटखाली. तलावावर हवालदारांनी फळी उलटून बघितली आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"दुसरा कुठाय?"

"घरी."

"राजेश्वरी!" माझं पूर्ण नाव ते फक्त रागात घेतात.

"वरडू नका. पडायचंच हाय न्हवं? मग आजच्या दीस ह्येच्यावर पडा. आन् मग जावा पुण्याला, मी डबा बांधून दीन."

अश्फाक पतंग धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, "मामा, वारा हाय तवर बघा. दुपारी ऱ्हायचा न्हाई."

हवालदार माझ्याकडे न बघता पाण्यात उतरले. हेल्मेट, जाकीट घातलं, पतंग वर गेला. फळी सरकली. मी डोळे मिटले, कारण या वेळी धप्पकन आवाज यायचा. आला नाही. उघडून बघते तर हवालदार सावकाश, अगदी सावकाश चाललेले, आणि फळी पाण्यावरून हळूहळू वर येतेय. वीतभर, मग आणखी थोडी. फळीखालची चपचप एकदम थांबली. ते डगमगले, पंखानं सावरून घेतलं. मधेच वारा पडला, तरी पंख त्यांना घेऊन तसाच पुढं गेला. तलावाच्या मध्यापर्यंत माझा नवरा पाण्याला न टेकता गेला आणि तिथं पडला. पण पडताना हसत होता! मी काठावरून शिट्टी मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच. धनगर माझ्याकडेच बघायला लागले.

त्या सकाळी ते कितीदा उभे राहिले आणि कितीदा पडले, मी मोजलं नाही. वारा मेला तेव्हा बाहेर आले, फळी उलटी करून वाळूत बसले आणि त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिले.

"ह्येच्यावर समदी पडल्याली दिसत्यात," ते म्हणाले.

"समदी. तुमी येकलं न्हाई."

त्यांनी माझ्याकडे फोन मागितला. मला वाटलं, बाळासोला लावतायत. पण लावला गोव्याला.

"म्याडम, आकाराम बोलतोय, म्हसवडवरनं. माझ्या नावाम्होरं तुमी एक्स्पर्ट लिवलंय बघा, तेवढं बदला. नवशिका लिवा." जरा थांबून म्हणाले, "व्हय. लय चांगला हाय पंख."

घरी येताना पुण्याचं काय ठरलं हे विचारायची मला भीती वाटत होती, ती गोष्ट खरी.

संध्याकाळी मी गोठ्यात गेले तर ते आधीच तिथं. चंद्रीजवळ उकिडवे बसलेले, सुजलेला गुडघा बाजूला काढून, बादली मांडीत घट्ट धरून. माझी चाहूल लागली तरी उठले नाहीत.

"अंगठा आत घ्यायचा का भाईर?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्या मुठीवर माझी मूठ ठेवली.

"भाईर," मी म्हटलं. "आन् सावकाश."