रेणूचा फ्रॉक

गोजरबाईचा आवाज असा, की तिनं वसरीतून हाक मारली तर मंठ्याच्या बाजारात म्हशी आटायच्या. त्या मंगळवारी ती सुनेला म्हनली, "वंदना, पोराला फ्रॉक घाल जल्दी. वजनाची गाडी आली."

वंदनाला जुळं. माऊली आन रेणू, दीड वर्साचे. माऊली असा गुटगुटीत, की कडेवर घेतला तर घेनारीची सावली बी वाकडी पडावी. रेणू झोळीतच. तिच्यानं झोळीला झोल बी पडत नव्हता.

परदेशातल्या एका संस्थेनं गावातल्या वाळलेल्या लेकरांसाठी शेंगदान्याच्या गोड पुड्या आनल्या होत्या. रेणूला तोललं, तिच्या नावचं कार्ड झालं, पुड्या घरी आल्या. त्या खाल्ल्या माऊलीनं. वजन वाढलं न्हाई तर पोरीला आईसंगं चौदा दिवस जालन्याच्या दवाखान्यात ठेवायचं, असा नियम होता. कापूस वेचायचा सोडून सून पोरीसाठी बसून राहनार, हे गोजरबाईला बिलकुल मंजूर नव्हतं. मंग तीन महिने रेणूचा फ्रॉक घालून माऊलीच काट्यावर बसला.

"आत्या, कालपासून तिनं दुधाचा थेंब घेतला न्हाई," माऊलीला फ्रॉक चढवता चढवता वंदना म्हनली.

"पोरीची जात ती. तुला तरी कोनी पुड्या चारल्या होत्या? जगलीच न्हवं?"

वंदनानं माऊलीच्या डोळ्यात काजळ घातलं.

शाळेच्या वट्यावर प्रकल्पाच्या मोठ्या मॅडम आल्त्या, इंग्रिड नावाच्या. गावातली सुमेधा त्यांच्या हाताखाली कामाला. बायांचं बोलनं मॅडमला त्यांच्या भाषेत सांगायची, रुचनार न्हाई तेवढं गाळून. मॅडमची ताकीद होती, इथल्या रीतीचा मान ठेवा, चारचौघांत पोरींचे कपडे काढू नका. अशी रीत गावात कधीच नव्हती, एवढाल्या पोरी उघड्याच हिंडायच्या. सुमेधाला ते ठाऊक होतं. कार्डावरल्या पोरीचं तोंड बदललं, हे बी तिला वाटून गेल्तं. पन आकडा चढत होता.

"साडेदहा किलो," ती म्हनली.

मॅडम खुश. फ्रॉकातलं लेकरू मांडीवर घेऊन फोटोला बसल्या. तेवढ्यात फ्रॉक वर गेला आन धार सुटली. बाया आजून सांगतात, धार शाळेच्या पत्र्याला लागून खाली आली.

पहिली हसली गोजरबाई. मंग समद्या बाया. काय झालं ते न कळता मॅडम बी हसल्या.

"वंदना," सुमेधा म्हनली, "रेणू कुठंय?"

वंदना पोराला उचलून पळत सुटली. सुमेधा आन मॅडम मागं.

झोळीत रेणू गार पडल्ती. अंगाभोवती धोतराचा तुकडा. फ्रॉक एकच होता.

"मॅडम इचारून राह्यल्या, कार्डावर वजन वाढत होतं, मंग हे कसं?" सुमेधा म्हनली.

मागून गोजरबाई आली. "ताप आल्ता म्हनून सांग. तसंच लिही."

वंदनानं माऊलीच्या अंगातला ओला फ्रॉक काढला, रेणूला घातला. तिला तो ढगळ झाला.

"ताप नव्हता," ती म्हनली. "ताई, मरनाचं कारन लिहायला कागद असतो न्हवं? काढा. आजीनं पुड्या काढून घेतल्या. आईनं फ्रॉक चढवला. मॅडमनं उघडून बघितलं न्हाई. बराबर लिहा, नावं घालून."

सुमेधानं लिहिलं. चौथं नाव कोनी सांगितलं नव्हतं. ते तिनं सोताचं लिहिलं.

मंग मॅडमपुढं उभी राहून तिनं तो कागद त्यांच्या भाषेत वाचला. त्या दिवशी एक शब्द गाळला न्हाई.