चौथी पट्टी

तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, पण थोरल्या बहिणीच्या टीव्हीपुढे मी हात टेकले. भावोजींना जाऊन महिना झाला होता. टीव्ही लावला की तीन सेकंद चित्र दिसायचं, मग पडदा काळा. आवाज मात्र चालूच.

पडद्यामागे एलईडीच्या सहा पट्ट्या असतात. एखादी बिघडली की त्यांना वीज देणारी चिप आग लागू नये म्हणून सगळा उजेडच बंद करते. चिपची तक्रार चौथ्या पट्टीबद्दल होती, मीटर म्हणत होतं पट्टी ठणठणीत आहे. दुकानात नेला तर दिवसभर चालला. ताईकडे परत आणून समोर बसलो, की पुन्हा तेच.

"त्यांच्या खुर्चीत कुणी बसलं की विझतो रे," ताई शांतपणे म्हणाली. "मी बसले तरी."

मी तिला वेड्यात काढलं. चिपची एक पिन, म्हणजे तिचा बारीक धातूचा पाय, डाग सोडवून उचलली की तिचं राखणदारीचं काम संपतं. आमच्या धंद्यात सर्रास करतात. मी कधी केलं नव्हतं. त्या दुपारी केलं, आणि हट्टाने भावोजींच्या खुर्चीत बसलो.

उजेड टिकला. मी ऐटीत ताईकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यामागे बघत होती.

"ऊठ," ती म्हणाली.

पडद्यावर एक आडवा पट्टा काळवंडला. जळका वास आला. उठायला गेलो तर उठवेना, कुणी दोन्ही खांदे दाबून धरावेत तसं. ताईनेच धावत जाऊन प्लग उपटला, तेव्हा कुठे मोकळा झालो.

मागचं झाकण काढलं. चौथ्या पट्टीच्या वायरचा जोड जळून कोळसा झाला होता. सैल जोड मीटरला सापडत नाही, बसण्याच्या धक्क्याने हलत असेल, असं मी तिला समजावत राहिलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"खांदे फार दुखतायत का?" तिने विचारलं.

मी तिच्यापुढे त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

नवा जोड बसवला, पिन पुन्हा जागेवर डाग देऊन चिकटवली. टीव्ही आता नीट चालतो म्हणे. ताईकडे जातो तेव्हा मी स्वयंपाकघरातच बसतो. आणि दुकानात कुणी म्हणालं, "पिन उचला, लवकर होईल," तर टीव्ही तसाच परत देतो.