सत्तराव्या अक्षांशापलीकडे

जहाजातून उतरून बर्फावरून केंद्राकडे जाताना सुजितनं सत्तरावा दक्षिण अक्षांश ओलांडला. अंबरनाथच्या कारखान्यातला हा जनरेटर मेकॅनिक वर्षभरासाठी अंटार्क्टिकावरच्या भारतीय केंद्रात निघाला होता. पोचल्यावर त्यानं वांगणीला घरी फोन करून वडिलांना ते सांगितलं. ती रेघ दिसते का, असं दौलतरावांनी विचारलं. नुसतं पांढरं दिसतं म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, आपल्या बांधावर निदान दगड तरी पुरलेत.

मार्चात शेवटचं जहाज परतलं. आता नोव्हेंबरपर्यंत कुणी येणार नव्हतं, जाणार नव्हतं.

जूनमध्ये दौलतराव गेले. फोन थोरल्या बहिणीचा, किर्तीचा होता. फेब्रुवारीपासून तीच शिरगावहून येऊन त्यांचं सगळं करत होती. दुखणं बळावलंय हे सुजितला कळवायचं नाही, अशी दौलतरावांचीच ताकीद होती.

"मला का नाही सांगितलंस, ताई?"

"सांगून आला असतास?"

मग तिनं हळूच विचारलं. काका म्हणत होते, चुलतभावानं, मधूनं अग्नी द्यावा. मुलगा इथं नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार?

"तू दे," सुजित म्हणाला. "काकांना फोन दे. मी बोलतो."

काकांशी तो बराच वेळ बोलला. शेवटी ते हो म्हणाले.

केंद्रातल्या डॉक्टर देवदत्तांनी त्याला खोलीवर जाऊन पड म्हणून सांगितलं. पण बाहेर उणे तीस होतं, दोन महिने सूर्य उगवत नव्हता आणि सगळ्यांची ऊब जनरेटरवर होती. सुजित कामावर गेला. देवदत्त त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसून राहिले.

पुढच्या वर्षी तो घरी आला तेव्हा दिवसकार्य केव्हाच उरकलं होतं. शेजारी बर्फाच्या गोष्टी विचारत होते. आई, राजाबाई, त्याला आवडतं म्हणून वालाचं बिरडं करण्यात गुंतल्या होत्या. घर सावरलं होतं आणि आपण आत्ता रडलो तर सगळ्यांना पुन्हा मागे नेऊ, असं त्याला वाटत होतं.

दुपारी माणसं पांगल्यावर तो किर्तीला म्हणाला, "त्या दिवसाचं सांग. सकाळपासून."

ती सांगू लागली. तिरडी कुणी बांधली, खांदा कुणी दिला, मडकं धरून ती पुढे कशी चालली. राजाबाई वाल सोलायचं थांबवून जवळ येऊन बसल्या. त्या स्मशानात गेल्या नव्हत्या, आणि तिथलं त्यांनी आजवर कुणाला विचारलंही नव्हतं.