कडेला राहिलेला चेहरा

मित्रांनो, निगेटिव्हवरचे बोटभर चित्र मोठे करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्राला एन्लार्जर म्हणतात. असाच एक जुना एन्लार्जर मी आहे. वर दिवा, खाली भिंग, आणि उभ्या दांड्यावर चढ-उतर करणारे माझे डोके. कुठल्या कारखान्यात घडलो ते आता सांगता येत नाही. नावाची पट्टी कधीच गळून पडली. ठाण्यातल्या एका स्टुडिओत मी वर्षानुवर्षे नवरा-नवरीचे चेहरे मोठे केले. तिथेच मालू नाखवा काम शिकली. कोपरीतल्या कोळ्याची मुलगी. १९८४ साली स्टुडिओ बंद पडला, तेव्हा मालकांनी मला तिच्या हवाली केले.

खाडीत कारखान्यांचे पाणी आल्यापासून मासळी मिळेनाशी झाली होती. मालूचे वडील परशुराम वागळे इस्टेटमध्ये वॉचमन झाले होते. त्यांनी जाळी ठेवायची खोली तिला रिकामी करून दिली. "जाल्यांना आता काय काम? ठेव तुझा डबा तिथं," ते म्हणाले. डबा म्हणजे मी.

मालू एका वर्तमानपत्रात फोटोग्राफर झाली. मोर्चे, पूर, सभा, सगळे माझ्या भिंगाखालून गेले. १९९० साली श्रीलंकेत लढाई पुन्हा पेटली. "बाईमाणसाला तिथे कोण पाठवणार?" संपादक म्हणाले. "नका पाठवू. रजा द्या," म्हणून ती रामेश्वरमला गेली आणि तिथल्या कोळ्यांच्या होडीतून समुद्र ओलांडून पलीकडे पोचली. त्या वर्तमानपत्रातून लढाईवर गेलेली ती पहिली बाई.

परत आली तेव्हा तिच्या निगेटिव्हवर मला एक बाई दिसली. कमरेइतक्या पाण्यात उभी, हात पुढे केलेला. मागे, अगदी कडेला, पाण्यातून वर आलेले एका म्हातारीचे डोके. मालूने कागदाची चौकट जराशी सरकवली. म्हातारी बाहेर गेली.

तो फोटो पहिल्या पानावर आला. ठाण्यात मालूचा सत्कार झाला. परशुराम ते पान घडी करून कारखान्याच्या गेटवर घेऊन जात. लोक मलाही बघायला येत. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, मी फुशारलो होतो.

मालूची आई ठमाबाई बाजारात मासळी विकायची. एका दुपारी ती खोलीत आली आणि दोरीवर वाळत घातलेल्या फोटोसमोर थांबली.

"ही बाय हात मांगते," ती म्हणाली. "होरीन चरायला. तू दिलास का गो?"

"दिला, आये." मालूने मान खाली घातली. "पण आधी फोटो काढला."

"मंग?"

"तिला होडीत वर घेतलं. मागं तिची सासू होती. तेवढ्यात लाट आली."

त्यानंतर दोन महिने मालूने कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग वर्तमानपत्राचे ते पान घेऊन ती रामेश्वरमजवळ मंडपमला, श्रीलंकेतून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत गेली. आल्यावर तिने आईला सांगितले, "सेल्वी नाव तिचं. तिनं फोटो बघितला आणि बोट फोटोच्या बाहेर, सतरंजीवर ठेवलं. तिथल्या शिक्षिकेनं अर्थ सांगितला, सासू इथं होती. घरदार तिकडंच राहिलं, तिचा एकही फोटो नाही. तुमच्याकडे तिचा चेहरा आहे का?"

मालूने ती निगेटिव्ह पुन्हा माझ्यात घातली. म्हातारीचे डोके तिळाएवढे होते. मी दांड्याच्या टोकापर्यंत चढलो, तरी पुरेना. शेवटी तिने माझे डोके दांड्याभोवती फिरवून टेबलाबाहेर काढले आणि उजेड थेट जमिनीवर पाडला. औषधाच्या ट्रेमध्ये कागद हलवताना हळूहळू ठिपके जमले. कपाळ, डोळे, उघडे तोंड.

"आये, असं कसं पाठवू गं?"

"धाड. तिचं मानूस हाय. ती वळखेल."

महिन्याभराने छावणीतल्या शिक्षिकेचे पत्र आले. सेल्वीने फोटो भिंतीला लावला होता. तिचा एकच प्रश्न होता: सासू काय हाक मारत होती? तुम्ही तर तिथेच होतात.

मालूने माझ्या फळीवर कागद ठेवून उत्तर लिहिले. फार वेळ लागला, आणि मजकूर दोनच ओळींचा. "मला ऐकू आले नाही. मी भिंगातून बघत होते."

पुढे ती आणखी लढायांवर गेली. कधी कधी कोरा रोल घेऊन परत यायची. "अशानं नोकरी जाईल," परशुराम म्हणायचे. "हात मोकळे नव्हते," ती म्हणायची. मग सगळीकडे रंगीत फोटोंच्या लॅब निघाल्या आणि माझे काम संपले. आता माझ्यावर गोणपाट आहे, भिंगाला बुरशी धरली आहे. मला ठेवा किंवा भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, घर आवरताना जुन्या निगेटिव्ह सापडल्या तर एकदा उजेडासमोर धरा. कडेपर्यंत नीट बघा. कुणाच्या तरी माणसाचा तेवढाच चेहरा शिल्लक असतो.